नगरदर्शनाचा सवलत-पास : एक हिशेबी विचार

घाऊक बाजारात वावरणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. दहा नगांचे गाठोडे सुट्या नगांपेक्षा स्वस्त मिळते हे खरे. परंतु त्या दहांपैकी चार नग कपाटात पडून राहिले, तर तेच गाठोडे महागात पडते. भावातील सूट खरेदीच्या दिवशी दिसते आणि न खपलेला माल वर्षअखेरीस दिसतो, एवढाच काय तो फरक. पेढीवर बसून हा हिशेब जो गृहस्थ डोळे मिटून करील, तोच कुटुंबासह परदेशी निघाला म्हणजे मात्र गाठोड्याच्या मोहात सहज सापडतो. प्रवासाची व्यवस्था करणारा मनुष्य एक रंगीत पत्रक पुढे सारतो. त्यावर एकच पास, पन्नासांहून अधिक प्रेक्षणीय स्थळे आणि खाली मोठ्या अक्षरांत बचतीचा आकडा. गृहस्थ घरातील माणसे मोजतो व तितके पास मागवतो.

असा पास घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु पाच माणसांच्या कुटुंबात तो सहज तीनशे युरोंच्या घरात जातो. आणि पैशांपेक्षाही, मोठ्या हौसेने काढलेले चार दिवस सुखाने जातील की धावपळीत, हे बरेचसे त्यावर ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोड्या विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरणादाखल पॅरिस शहर घेतले आहे. अँटवर्पच्या हिऱ्यांच्या बाजारापासून ते आगगाडीने सुमारे दोन तासांवर असल्याने व्यापारानिमित्त त्या बाजूस जाणाऱ्यांना ते सोयीचे आहे. शिवाय तेथील ‘पॅरिस म्युझियम पास’ची रचना साधी व दर उघड असल्यामुळे हिशेब शिकण्यास ते फार उपयोगी पडते.

प्रथम या पासाचे स्वरूप पाहू. तो ४८, ९६ किंवा १४४ तासांचा मिळतो. पहिल्या स्थळी प्रवेश केला त्या क्षणापासून तास मोजले जातात आणि मध्ये खंड पडत नाही. म्हणजे आज वापरला, उद्या विश्रांती घेतली आणि परवा पुन्हा वापरला, तर उद्याचा दिवसही खर्ची पडलाच. एका स्थळी एकदाच प्रवेश मिळतो. लूव्र, ऑर्से व ऑरांजरी ही संग्रहालये, सँत-शापेल हे तेराव्या शतकातील रंगीत काचांचे प्रार्थनामंदिर, आर्क द त्रियाँफ ही विजयकमान, शहराबाहेरचा व्हर्सायचा राजवाडा, ही सर्व त्यात येतात. आयफेल मनोरा त्यात नाही, सेन नदीवरील नौकाविहारही नाही. पुष्कळ लोकांच्या मनातील पॅरिस म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी असतात, तेव्हा त्यांचा खर्च वेगळा धरावा लागतो हे आरंभीच ध्यानात असावे.

आता आकड्यांकडे वळू. दर वरचेवर बदलतात. म्हणून आम्ही सर्व आकडे एकाच वर्षाचे, म्हणजे २०२४ सालचे घेतले आहेत. एका वर्षीचा पास आणि दुसऱ्या वर्षीची तिकिटे यांची तुलना करणे म्हणजे गेल्या हंगामाच्या खरेदीला यंदाचा विक्रीभाव लावण्यासारखे आहे. त्या वर्षी ४८ तासांचा पास ६२ युरोंना, ९६ तासांचा ७७ युरोंना व १४४ तासांचा ९२ युरोंना होता. सुटी तिकिटे अशी होती : लूव्र २२ युरो, ऑर्से १६, विजयकमान १६, सँत-शापेल १३, ऑरांजरी साडेबारा, आणि व्हर्सायचा राजवाडा २१.

समजा, दोन दिवसांत लूव्र, ऑर्से व सँत-शापेल एवढीच स्थळे पाहावयाची आहेत. सुट्या तिकिटांची बेरीज ५१ युरो होते. पास ६२ युरोंचा. म्हणजे ११ युरो पदरचे गेले. यात विजयकमान मिळवली तर बेरीज ६७ होते आणि ५ युरो वाचतात. नफा की तोटा हे येथे सर्वस्वी चौथ्या स्थळावर ठरले. आणि हे चौथे स्थळ म्हणजे २८४ पायऱ्या चढून गाठावयाचा कमानीचा माथा! जो मनुष्य तो माथा स्वखुशीने चढला असता, त्याचे ५ युरो खरोखर वाचले. जो केवळ पास फिटावा म्हणून चढला, त्याचे काहीच वाचले नाही. त्याने ११ युरो अधिक देऊन पायऱ्या विकत घेतल्या.

सर्व हिशेबाचे मर्म आम्हांस येथेच दिसते. पत्रकावरील बचत ही पासाची किंमत आणि स्थळांच्या छापील किमतींची बेरीज यांतील अंतर असते. आपली खरी बचत म्हणजे पास नसता आपण जे खिशातून दिले असते, त्यातून पासाची किंमत वजा केल्यावर उरते ते. पहिला आकडा नेहमी मोठा असतो, कारण त्यात आपण कधीही न पाहिलेली स्थळेही धरलेली असतात. म्हणून यादी आधी आणि पास नंतर, हा क्रम सोडू नये. पत्रक हाती येण्यापूर्वी घरच्या मंडळींनी बसून काय पाहावयाचे ते ठरवावे, आणि प्रत्येक नावापुढे ‘यासाठी आपण वेगळे तिकीट काढले असते काय?’ एवढाच प्रश्न लिहावा. ‘नाही’ असे उत्तर आले की ते नाव बेरजेतून काढून टाकावे. ‘पासात आहेच, तर पाहू’ या वर्गातील स्थळांची किंमत हिशेबात शून्य धरली पाहिजे. कोणास हे कठोर वाटेल. पण फुकट मिळालेल्या नमुन्यांची किंमत आपण तरी साठ्याच्या मूल्यात कोठे धरतो?

मोठ्या मुदतीच्या पासाबाबत हिशेब थोडा निराळा होतो. ४८ तासांवरून ९६ तासांवर जाण्यास २०२४ साली फक्त १५ युरो अधिक पडत. व्हर्सायचे एकटे तिकीट २१ युरोंचे. म्हणजे वरच्या चार स्थळांत व्हर्साय मिळवणाऱ्याने दुसरा पास घेणेच योग्य. ८८ युरोंची स्थळे ७७ युरोंत होतात, आणि ऑरांजरीतील दोन लंबवर्तुळाकार दालनांत मांडलेली मोनेची कमळे पाहावयाची असतील, तर बचत साडेतेवीस युरोंवर जाते. शिवाय दिवसाला दोन स्थळे पुरतात, धावावे लागत नाही. थोड्या दिवसांच्या पासापेक्षा अधिक दिवसांचा पास पुष्कळदा माणसाला अधिक सोसतो तो यामुळेच. विक्रेत्याचा आग्रह मात्र प्रायः लहान पासापासून सुरू होतो, कारण तो आकडा ऐकावयास हलका वाटतो.

२०२४ नंतर पासाचे दर वाढले आहेत. तिकिटेही वाढली, जानेवारी २०२६ पासून लूव्रने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील प्रौढांसाठी ३२ युरो असा वेगळा दर लावला आहे आणि आपण भारतीय त्यातच मोडतो. उलट पाँपिदू केंद्र २०२५ साली कित्येक वर्षांच्या दुरुस्तीसाठी बंद झाले. तेव्हा वरील आकडे जसेच्या तसे न वापरता, निघण्याच्या महिन्यातील आकडे त्याच रकान्यांत भरावेत.

आता घरच्या माणसांविषयी. आमच्या मते सर्वांत मोठी गफलत येथे होते, कारण पास कुटुंबासाठी घेतला जातो, पण वापरतो तो एकेक मनुष्य. समजा, पती-पत्नी, सत्तरीच्या पुढील आई, आणि सोळा व बारा वर्षांची दोन मुले असे पाच जण निघाले आहेत. लूव्र, ऑर्से, व्हर्साय, सँत-शापेल, विजयकमान या सर्व ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे. म्हणजे मुलांसाठी पास घेणे हा सरळसरळ तोटा होय. २०२४ च्या दराने १२४ युरोंचा. मुलांच्या वयाचा दाखला म्हणून पारपत्र जवळ ठेवले की काम भागते.

आईंचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गुडघ्यांच्या त्रासाने त्या दिवसाकाठी एखादेच मोठे स्थळ पाहू शकतील. दोन दिवसांत लूव्र व ऑर्से धरले तर त्यांचा खर्च ३८ युरो होतो. पास ६२ युरोंचा. येथे २४ युरोंचे नुकसान आहेच; परंतु त्याहून मोठे नुकसान पुढे असते. एकदा पास घेतला की मुलगा म्हणतो, ‘आई, पैसे भरलेच आहेत, चल.’ आईही पैशांच्या काळजीने नाही म्हणत नाहीत आणि सँत-शापेलचा अरुंद चक्राकार जिना चढू लागतात. संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात आणि तिसरा दिवस सर्वांचाच खोलीत जातो. त्यापेक्षा पती-पत्नींसाठी दोन पास, आईंसाठी दोन सुटी तिकिटे, आणि मुलांसाठी काहीच नाही, ही वाटणी कितीतरी शहाणपणाची. जेव्हा दोघे कमानीवर चढतील, तेव्हा आई नातवंडांसह लक्झेंबर्ग उद्यानात बाकावर बसतील. त्या उद्यानाला तिकीट नाही.

विनामूल्य गोष्टींचा उल्लेख आलाच आहे, तर तो पुरा करू. नोत्र दाम हे १९ एप्रिल नव्हे, तर १५ एप्रिल २०१९ च्या आगीत होरपळलेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेले महामंदिर पाहण्यास पैसे पडत नाहीत. पॅरिस नगरपालिकेच्या कार्नावाले व पती-पॅले या संग्रहालयांतील कायमचे संग्रह विनामूल्य आहेत. ऑर्से व ऑरांजरी ही दोन्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांना मोफत असतात. गर्दी सोसण्याची तयारी हवी. लंडनमध्ये तर हा मुद्दा फारच मोठा होतो. डिसेंबर २००१ पासून तेथील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना प्रवेशशुल्क उरलेले नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ही सर्व पास नसता पाहता येतात. ज्याची यादी अशा स्थळांचीच आहे, त्याने लंडनमध्ये पासाचे पत्रक न उघडलेलेच बरे.

यादी झाली, माणसे झाली. आता वार आणि वेळ. लूव्र मंगळवारी बंद असते. ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद असतात. ऑरांजरी पुन्हा मंगळवारी बंद. तेव्हा सोमवारी सकाळी सुरू केलेला ४८ तासांचा पास आणि शुक्रवारी सकाळी सुरू केलेला तोच पास, यांची किंमत एक असली तरी माल एक नाही. पहिल्यात सोमवारी ऑर्से नाही आणि मंगळवारी लूव्र नाही. क्रम चुकला की सर्वच चुकले. त्यातून लूव्र बंद म्हणून मंगळवारी सारी गर्दी व्हर्सायकडे लोटते. तास मोजण्याच्या पद्धतीचा मात्र एक लाभ घेता येतो. दुपारी दोन वाजता पास सुरू केला, तर ती दुपार, दुसरा पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ असे तीन तुकडे हाती लागतात. थकलेल्या माणसांना अशी विभागणी मानवते. लूव्र बुधवारी व शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते, त्याचाही उपयोग होतो. आमच्या वाचकांपैकी जे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपतात, त्यांनी ऋतूही पाहावा. पॅरिसला जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये पाचच्या आत. हिवाळ्यात दुपारचे तीन-चार हे तास भोजनाच्या व्यवस्थेत जातात आणि पासाचे घड्याळ तर थांबत नाही.

आणखी एक अट अशी की, पास हाती असला तरी लूव्र, व्हर्साय, सँत-शापेल व ऑरांजरी येथे प्रवेशाची वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते. गर्दीच्या हंगामात या वेळा आधीच संपतात. पास घेऊन मग वेळ शोधणारा मनुष्य गोदाम न पाहता माल उचलणाऱ्यासारखा आहे. आधी वेळा मिळतात काय ते पाहावे, मगच पैसे भरावेत. ‘रांग टळते’ या आश्वासनाचा अर्थही नीट समजून घ्यावा. तिकिटाची रांग टळते. सुरक्षा-तपासणीची रांग सर्वांनाच असते.

येथे जिज्ञासू वाचक विचारील की, इतकी सूट देऊन विकणाऱ्यास परवडते कसे? याचा उलगडा अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६३ साली एका छोट्या टिपणात केला होता. त्यांचा विषय चित्रपट वितरकांचा होता. चांगल्या चित्रपटाबरोबर सुमार चित्रपटही चित्रगृहांच्या गळ्यात बांधण्याची त्या धंद्यातील रीत त्यांनी तपासली. आपल्या विषयाला लावून तेच असे सांगता येईल. एक प्रवासी चित्रांचा शौकीन. तो संग्रहालयासाठी २० युरो देईल, कमानीसाठी ८. दुसऱ्याचे उलट, कमानीसाठी २०, संग्रहालयासाठी ८. प्रत्येक तिकीट २० ला ठेवले तर दोनच तिकिटे खपतात आणि ४० युरो येतात. ८ ला ठेवले तर चारही खपतात, पण ३२ च येतात. दोन्ही मिळून २८ चा पास काढला तर दोघेही तो घेतात आणि गल्ल्यात ५६ युरो पडतात. सूट ही दानधर्म नव्हे. गिऱ्हाइकांच्या आवडी भिन्न असतात, त्या भिन्नतेवरची ती कमाई आहे. ज्याची आवड एकतर्फी, म्हणजे संग्रहालयासाठी २० आणि कमानीसाठी जेमतेम २, त्याच्यासाठी हा पास काढलेलाच नाही.

दुसरी कमाई न वापरलेल्या प्रवेशांची. माणूस आपल्या उत्साहाचा अंदाज नेहमी चढा बांधतो. स्टेफानो डेला विन्या व उल्रिके मालमेंडियर या दोघा अभ्यासकांनी २००६ साली अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सभासदांचा जमाखर्च प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात; म्हणजे प्रत्येक खेपेस सतरा डॉलरांहून अधिक पडत, जेव्हा दहा खेपांच्या पासावर तोच प्रवेश दहा डॉलरांत मिळत होता. हे लोक अडाणी नव्हते. वर्गणी भरताना त्यांनी जे शरीर डोळ्यांपुढे आणले होते, ते त्यांचे नव्हते एवढेच. प्रवासाची आखणी करतानाही आपण असेच, न थकणारे पाय गृहीत धरून स्थळे मोजतो. यास आम्हांस एकच सोपा तोडगा सुचतो : ठरवलेल्या यादीतून प्रत्येक दोन दिवसांमागे एक स्थळ कमी करावे आणि मग बेरीज करावी. तरीही पास फायद्याचा ठरला तर निःशंक घ्यावा.

काही जण पैसे वाया जाऊ नयेत म्हणून याच्या उलट टोकाला जातात. १९८५ साली आर्क्स व ब्लूमर यांनी अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक प्रयोग नोंदवला. हंगामाची तिकिटे काहींना पूर्ण किमतीला व काहींना सवलतीत दिली असता, पूर्ण किंमत भरलेले प्रेक्षक हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना आले. नाटके तीच, आसने तीच. केवळ गेलेल्या पैशाने त्यांना घराबाहेर ओढले. पासाचेही असेच होते. लूव्रमध्ये चार तास रमणारा मनुष्य ‘अजून दोन स्थळे बाकी आहेत’ म्हणून दीड तासात बाहेर पडतो, आणि ज्या संग्रहालयासाठी तो इतक्या दुरून आला, त्यातील ‘मोना लिसा’पुढची गर्दी तेवढी पाहून परततो. भरलेले पैसे आता परत येणार नाहीत. पुढचा तास कोठे घालवावा एवढेच आपल्या हाती आहे. बुडीत उधारीच्या मागे नवा माल धाडू नये, हे आपल्या बाजारात पोरेही जाणतात.

हा विचार परदेशापुरताच नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमची पुष्कळ मंडळी जवाहिराच्या कामासाठी जयपूरला जातात, आणि तेथेही दोन दिवसांचे संयुक्त तिकीट मिळते. त्यात आमेरचा किल्ला, जंतरमंतर, हवामहल, अल्बर्ट हॉल, नाहरगड इत्यादी स्थळे येतात. २०२३ सालचे दर घेऊ. भारतीयांस संयुक्त तिकीट ३०० रुपयांचे होते; सुटी तिकिटे आमेर १००, जंतरमंतर ५०, हवामहल ५०, अल्बर्ट हॉल ४० व नाहरगड ५०. पाचही मोठी स्थळे पाहिली तरी बेरीज २९० च! परदेशी पाहुण्यास मात्र संयुक्त तिकीट १००० रुपयांचे, आणि सुटी याच क्रमाने ५००, २००, २००, ३०० व २००, म्हणजे एकूण १४००. एकच तिकीट, एकच खिडकी. परदेशस्थ आडतदारास ते चारशे रुपये वाचवून देते आणि त्याला शहर दाखवणाऱ्या आपल्या माणसास दहा रुपयांनी महाग पडते. तेथील दरही २०२३ नंतर तसेच राहिलेले नाहीत. तेव्हा खिडकीवरचा फलक वाचून दोघांची बेरीज वेगवेगळी करावी. सिटी पॅलेस या संयुक्त तिकिटात येत नाही. त्याचे पैसे दोघांनाही निराळे मोजावे लागतात.